टावेलाखालचे तीन घास

गहिनीनाथ दाजींच्या दहाव्याला घोडेगावच्या बाजारातली निम्मी मानसं सोनईला आली हुती. सगळ्यांचं एकच बोलनं, गहिनीनाथच्या हाताला फसवायचं कुनाला जमलं न्हाई.

दाजी जनावरांचे दलाल. शुक्रवारी बाजारात गिऱ्हाइकासाठी गाय-बैल पारखायचे, आन् मंग खांद्यावरचा टावेल हातावर टाकून त्याच्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे. तोंडानं आकडा कुनी बोलायचा न्हाई. काही व्यापारी लबाड असत्यात. जनावराला आदी मीठ चारायचं, मंग मायंदाळ पानी पाजायचं, म्हंजी ते भरल्यागत दिसतं. दाजी डोळ्यानं बघायचेच न्हाईत. पाठीच्या कन्यावर पंजा ठिवायचे आन् हळूच इचारायचे, "पाव्हनं, बादल्या किती पाजल्या?"

अशा मानसाच्या घरातच चूक झाली.

चौऱ्यान्नव सालची गोष्ट. त्यांच्या मालकिनीला, म्हंजी राहीअक्काला, छातीत गाठ निघाली. कॅन्सर. नगरला आपरेशन झालं. डॉक्टर म्हनले, आता औषधाच्या सहा सलाईनी, दर तीन आठवड्याला एक, त्यात खंड पडू द्यायचा न्हाई. तीन झाल्या. अक्काच्या तोंडात फोड आले. कुठल्याबी घासाला गंजल्या पत्र्याची चव. त्यात सासूनं, मुक्ताबाईनं, पथ्य लावलं. दूध नको, तूप नको, शेंगदाना नको, जखम चिघळंल. मुक्ताबाई काय वाईट बाई नव्हती. सुनंवर जीव हुता म्हनूनच एवढी कडक. अक्काच्या ताटात निस्तं भगरीचं पानी आन् कोरडी भाकरी. ती भाकरी अक्का पदराखाली घिऊन गोठ्यात जायची आन् कालवडीला घालायची.

चौथ्या सलाईनीला आठ दिवस ऱ्हायले असतील. अक्काची जोडवी बोटात रुतायला लागली. तोंडबी जरा फुगीर दिसायचं. मुक्ताबाई हरखली. गल्लीभर सांगून आली, सून अंगानं भरली, औषध लागू पडलं. दाजीबी खूश. सोनाराला मोठी जोडवी करायला सांगून आले.

पन जुनी निघंनात. रविवारी सकाळी दाजी साबन घिऊन उंबऱ्याजवळ बसले आन् अक्काचं पाऊल मांडीवर घेतलं. अक्का लाजली. म्हनली, सासूबाई बघत्यात. दाजी जोडवं वढत हुते, त्यात त्यांचा अंगठा पावलावर दाबला गेला. अंगठा काढला तरी तिथं खळगा तसाच. भरंचना.  मंग त्यांचं ध्यान तिच्या बांगड्यांकडं गेलं. पायात जोडवी रुतल्याली आन् बांगड्या पार कोपरापातूर वर चढल्याल्या. हात आपसूक तिच्या पाठीवर गेला, बाजारात जातो तसा. मनका न् मनका हाताला लागला.

दाजी तिथंच बसून ऱ्हायले. दर शुक्रवारी लोकांची जनावरं चाचपनारा हा हात तीन म्हैने घरच्या मानसाच्या पाठीवर गेला नव्हता.

"आई," ते म्हनले, "ही भरली न्हाई. हे पानी हाय."

मुक्ताबाई म्हनली, रोज तर जेवतीया, ताट रिकामं असतं. तव्हा अक्का बोलली, फोडांमुळं थांबत थांबत. "तुमी समदी खूश हुतात. मंग म्या काय सांगू, तुमची कालवड माझी भाकरी खाऊन माजलीया म्हनून?"

दुसऱ्याच दिवशी तिघं यष्टीनं नगरला गेले. दवाखान्यात जयमाला सिस्टरनं अक्काला काट्यावर उभं केलं. गेल्या खेपेला चव्वेचाळीस, आता एकेचाळीस. त्यातबी पानी धरून. रक्त तपासलं. डॉक्टर म्हनले, खान्यातून अंगाला जे मिळायला पायजे ते मिळालं न्हाई, म्हनून पायात पानी साचलंय. आसल्या अंगाला चौथी सलाईन सोसायची न्हाई. दोन आठवड्यानं या, सावरली तर दिऊ.

दाजींचा चेहरा उतरला. खंड पडू नये म्हनून सांगितलं हुतं, आन् तोच पडला.

सिस्टर मात्र मुक्ताबाईजवळ बसली. सांगितलं, तोंडाकडं बघून मानूस बरं हाय म्हनू नका. वजन बघा, कालच्यापेक्षा घास कमी झाले का बघा, गिळताना दुखतं का इचारा, आन् लगीच आमाला सांगा. दूध, अंडं, तूप, दान्याचं कूट, थोडं थोडं, दर दोन तासाला. जेवायच्या आदी मिठाच्या पान्यानं गुळन्या. मंग म्हनली, "आजी, घर बांधायला इटा लागत्यात का न्हाई? जखमंचंबी तसंच."

मुक्ताबाईनं घरी आल्या आल्या फळीवरचा तुपाचा डबा खाली काढला.

पन घरात तूप आलं म्हनून तोंडात घास जातोय व्हय. अक्काचं तोंड सोलल्यालं, बोलायलाबी नको वाटायचं. जबरदस्ती केली की रडायची. मंग दाजींनी एक दिवस मऊ खिमट म्होरं ठिवलं, खांद्यावरचा टावेल दोघांच्या हातावर टाकला आन् खालून तिची पाच बोटं धरली. अक्काला आदी कळंना. कळलं तव्हा तिनं त्यांची दोनच धरली. दाजींनी चार. तिनं मान हलवून परत दोन. तिनावर सौदा ठरला. तीन घास. दोन तासानं परत टावेल. हळूहळू अक्का आपनहून चार धरायला लागली. कालवड गोठ्यातनं हंबरायची, तिच्याकडं कुनी बघंना.

दोन आठवड्यानं काटा साडेएकेचाळीस. दाजींना वाटलं, एवढंच? सिस्टर हासली. म्हनली, पायातलं पानी गेलंय आन् तरी वजन वाढलंय, म्हंजी हे खरं मास हाय. दाजींनी मान डोलावली. त्यांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्याच दिवशी चौथी सलाईन लागली. पाचवी न् सहावीबी पार पडली. सोनाराकडची मोठी जोडवी तशीच ऱ्हायली, जुनी बसायला लागली हुती.

ही गोष्ट पाच वर्सांमागची. अक्का आज धडधाकट हाय. गेले ते दाजी, भर बाजारात छातीत कळ येऊन, कुनाच्या तरी बैलाच्या पाठीवर हात असताना.

दाजी गेल्यावर अक्कानं दोन दिवस अन्नाला शिवलं न्हाई. सगळ्यांनी सांगून बघितलं. तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई भिताडाला धरून उठली, सुनंजवळ येऊन बसली. लेकाचा टावेल खुटीवर हुता, तो मागून घेतला. दोघींच्या हातावर टाकला. म्हातारीला बाजारातलं काय ठावं नव्हतं, पन पाच वर्सांमागं चुलीपाशी बसून तिनं समदं बघितलं हुतं.

टावेल हालला. एकदा, दोनदा. 

मंग अक्कानं तीन घास खाल्ले.