बेटाचं एक मत

मे महिन्यात मी टोकियोच्या दक्षिणेकडच्या एका ज्वालामुखी बेटावर निघाले होते. बोटीत शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. सारख्या काच पुसून लाटा बघत होत्या. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बोट धक्क्याला लागेल ना, याची धास्ती आहे," त्या म्हणाल्या. बेटाच्या ग्रामपंचायतीवर त्या निवडून आल्या होत्या. तिथली एकुलती शाळा बंद करायची का, यावर दुपारी मतदान होतं, आणि शाळा त्यांच्या एका मतावर टिकणार होती. "ज्वालामुखीची भीती नाही वाटत हो. पण शाळा गेली की तरुण आईबाप बेट सोडतात."

बोटीने दोनदा धक्का गाठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा लाटांनी मागे लोटलं. परत फिरतोय, असं कप्तानाने जाहीर केलं, तेव्हा बाईंनी गावच्या कचेरीत फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या आणि फोनवरच कमरेत वाकून नमस्कार केला.

"काय झालं?"

"शाळा बंद करा म्हणणारेच सभेतून उठून गेले. म्हणाले, मत माणसांनी द्यायचं, लाटांनी नाही. पुरेसे सदस्य उरले नाहीत, म्हणून मतदान झालंच नाही. उद्या पुन्हा सभा आहे."

मी हुश्श केलं. त्यांनी मात्र समोरून जाणाऱ्या खलाशाला थांबवून विचारलं, "उद्या वारा कुठला?"