हिरवे चौकोन आणि वजनकाटा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील समस्त जनतेस कळवण्यात येते की, एका पाड्यावर क्षयरोगाचा संपूर्ण पराभव झाला आहे. ही शुभवार्ता मला २०१८ साली कार्यालयातल्या संगणकाने दिली, आणि संगणक काही खोटं बोलत नाही.

मी तेव्हा क्षयरोग कार्यक्रमात फिरता पर्यवेक्षक होतो. नवी सोय आली होती. रोजच्या गोळ्या काढल्या की पाकिटात दडलेला नंबर उघडा पडे; त्यावर रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला की पडद्यावर त्या दिवसाचा चौकोन हिरवा. तलासरीकडच्या एका तरुण मजुराच्या चौकोनांची रांग तर श्रावणातल्या भातासारखी. येईल त्याला मी ती दाखवायचो.

वजनकाट्याला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. दर महिन्याला पोरगा काट्यावर उभा राही आणि काटा मागच्या महिन्याच्या आकड्यावरून हलत नसे. मी काटा बदलला. खात्रीसाठी स्वतः उभा राहिलो. माझं वजन चोख वाढलेलं निघालं. पोरगा हसला, हसता हसता खोकला, खोकतच राहिला. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिना. जेवताना, फायली चाळताना, विवळवेढ्याच्या टपरीवर चहा पिताना डोक्यात एकच: गोळ्या जातात कुठे? असंच चाललं तर पोरगा पावसाळा काढणार नव्हता.

शेवटी न राहवून एका सकाळी, न सांगता, मोटारसायकलवरून त्याच्या घरी थडकलो.

चुलीपाशी आई होती. तिने गोळ्या काढल्या, पोराने इमानदारीत मिस्ड कॉल दिला. मग आईने गोळ्यांचे दोन वाटे केले. एक त्याच्या हातावर, दुसरा गोधडी पांघरून बसलेल्या धाकट्याच्या. घोलवडच्या चिकूवाडीत कामाला असलेला हा भाऊ खोकत घरी परतला होता, हे संगणकाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

माझ्यातला नट जागा झाला. हात उंचावून मी सुनावलं, की अर्ध्या गोळ्यांनी रोग मरत नाही, उलट माजतो. दोघंही हातचे जातील. थोरल्याच्या गोळ्या थोरल्यानेच गिळायच्या. धाकट्याला आत्ता माझ्या गाडीवर बसवा, थुंकी तपासू, आजार निघाला तर त्याच्या वेगळ्या गोळ्या मिळतील.

आईने सगळं ऐकून घेतलं. धाकट्याच्या हातावरच्या गोळ्या उचलायला तिने हात पुढे केला, पण उचलवेनात. मग तिच्या तोंडून निघून गेलं,

"दोघं खोकतात नि एकालाच देऊ? तुमच्या घरात असं वाढतात का, साहेब?"