आधी मेन, मग माणूस

त्या दुपारी आम्ही दोघं कैऱ्या चिरत बसलो होतो. जयपूरचा जून. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, दारंखिडक्या बंद. मी विळीवर चिरत होतो आणि आमची मंडळी, सुमन, फोडी कापडावर पसरत होती.

"अहो, फोडी करताय का विटा पाडताय?"

"लोणच्याला मोठीच फोड लागते."

"लागते. पण खाणाऱ्याला दात लागतात."

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर पुण्याकडचं एक जोडपं भाड्यानं राहतं, अनिकेत आणि मुग्धा. दोघं कंपनीत कामाला, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरीच. मुग्धाला सहावा महिना. हिनं वाटीभर बारीक फोडी केल्या, वर तिखटमीठ टाकलं. "पोरीला आंबट खावंसं वाटतंय. देऊन आलेच," म्हणाली आणि वर गेली.

पुढचं सांगायच्या आधी माझ्या नोकरीचं सांगतो. नाहीतर मी जे केलं ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या मुलालाही कळलं नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. आठवी पास. फौजेत सॅपर म्हणून भरती झालो. सॅपरनं पूल बांधायचे, माईन्स पेरायच्या, माईन्स काढायच्या. शिवाय प्रत्येकाला एक ट्रेड असतो. माझा इलेक्ट्रिशियन.

हवालदार असताना कंपनी राजस्थानच्या सीमेवर होती. तणाव वाढला तेव्हा माईन्स पेरल्या. निवळला तेव्हा त्याच काढायचा हुकूम आला. पेरणं सोपं असतं. काढणं अवघड, कारण वाळू एका जागी राहत नाही. नकाशात माईन इथं, वाळूनं नेलेली भलतीकडंच. पहाटे चहा, ब्रीफिंग. उजेड पडला की पोटावर झोपायचं, हातातली सळई वाळूत तिरकी खुपसत पुढं सरकायचं, मोकळी झालेली वाट पांढऱ्या पट्टीनं आखायची. ऊन चढलं की काम बंद. महिनोन्‌महिने हेच.

नाईक शिंदे माझ्या सेक्शनमधला. माझ्या शेजारच्या गावचा. तोंडाळ, पण हात स्थिर. त्या दिवशी काम संपवून तो पट्टीतून परत येत होता. त्याच्या पायाखालचा वाळूचा उतार ढासळला आणि तो घसरत पट्टीच्या बाहेर गेला. मग स्फोट झाला.

धुरळा बसला तेव्हा तो पडलेला दिसला. आमच्यात क्रिकेटच्या पिचएवढं अंतर. डावा पाय घोट्यापासून गेलेला. सॅपर कदम उठून पळायला निघाला.

"कदम, खाली!"

"हवालदार, तो मरतोय!"

"खाली झोप. कुणी हलणार नाही. हुकूम आहे."

मी रेडिओ घेतला. आम्ही टू, कंपनी वन. "टू फॉर वन. माईन ब्लास्ट. एक कॅजुअल्टी. अँब्युलन्स लेनच्या तोंडाशी पाठवा. ओव्हर."

"वन. रॉजर. बाकीचे? ओव्हर."

"बाकीचे जागेवर. आउट."

मग मी पोटावर झोपलो आणि शिंदेकडं वाट काढायला लागलो. सळई खुपसायची, हातानं वाळू चाचपायची, वीतभर सरकायचं. दुसरी रीत नाही.

"हवालदार, वरातीत चाललाय काय? उरका की जरा," शिंदे ओरडला.

"गप पड. मांडीला पट्टा आवळ."

"आवळलाय. बूट गेला बघा माझा. कालच पॉलिश केला होता."

"नवा जोड देतो."

"एकच द्या. जोडाचं काय करू आता?"

मागं कोणतरी हसलं आणि लगेच रडायला लागलं. मी वळून बघितलं नाही.

अर्ध्या वाटेत सळईला टणक लागलं. माईन होती. कदम जिथनं पळाला असता, बरोबर तिथं. मी खूण केली आणि बाजूनं वळलो. त्यात आणखी वेळ गेला. शिंदेचं बोलणं कमी झालं, मग थांबलं. मी पोचलो तेव्हा श्वास चालू होता. जीव अँब्युलन्समध्ये गेला.

बॉडी घेऊन त्याच्या गावाला मीच गेलो. सगळं आवरल्यावर त्याच्या आईनं विचारलं, "तू पळत का न्हाई गेलास रं?"

"पळायचं नसतं, आई," मी म्हणालो. तिनं तोंड फिरवलं. तिचं काही चुकलं नाही.

नायब सुभेदार म्हणून जयपूरमधूनच पेन्शनीत आलो. मुलगा इथं शिकत होता, म्हणून राहिलो. एका ट्रेनिंग सेंटरात वायरमनच्या कोर्सच्या पोरांना शिकवायला लागलो, ते अजून शिकवतोय. पहिल्या दिवशी वायर हातात देत नाही. शिंदेची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, "पहले मेन, फिर आदमी." पोरं हसतात. म्हणतात, गुरुजी फौजी डायलॉग मारतायत. मग समजावतो. जोडीदार करंटला चिकटला तर त्याला धरायचं नाही. धरलंत की दोघं जाणार. आधी मेन स्विच बंद, मग माणूस.

तर त्या दुपारी वरून मुग्धाची किंकाळी आली. "काका! काकूंना करंट!"

मी जिना चढून गेलो. वरचं दार उघडं होतं. हॉलमध्ये लोखंडी कूलर, खाली पाणी सांडलेलं, ही अनवाणी, हात कूलरला चिकटलेला. मुग्धा तिला ओढायला वाकली होती.

"हात लावू नकोस! मागं हो!" एवढ्या मोठ्यानं मी पलटणीतही ओरडलो नसेन. ती मागं झाली.

"अनिकेत, आतला मेन कुठाय?"

"माहीत नाही काका!"

कूलरचं बटण कूलरच्याच मागं, मध्ये पाणी, हाताशी कोरडी काठी नाही. मीटरचा बोर्ड खाली पार्किंगमध्ये. माझी बायको वर होती आणि मी खाली गेलो. गुडघे कामातून गेलेत, कठडा धरून जमेल तेवढं उतरलो. मेन पाडला. पुन्हा वर चढलो. छाती दाबली, श्वास दिला. अनिकेतनं गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं मान हलवली.

मुलगा महेश बेंगळुरूहून आला. अग्नी देऊन घरी आल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, आई समोर दिसत होती. तुम्ही आधी तिच्याकडं का नाही गेलात?"

कदम आज नातवंडं खेळवतोय. मुग्धा वाचली, तिच्या पोटातलं हलतंय. हे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्याची आई गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेस्टर आणि पक्कड घेऊन वर गेलो. दार अनिकेतनं उघडलं. तो माझ्याकडं बघेना. मुग्धाला त्यानं तिच्या बहिणीकडं शहरातच जगतपुऱ्याला पाठवलं होतं. कूलरला कुणी हात लावला नव्हता. फोडींची वाटी कोपऱ्यात तशीच. मी पिन बोर्डातून काढली, उघडून दाखवली. अर्थिंगची हिरवी वायर कापून टेपनं गुंडाळलेली. खाली पंप पाण्यात, करंट सगळ्या पत्र्यात उतरलेला.

"काका, आम्ही सेकंडहँड घेतला. मला खरंच माहीत नव्हतं..."

"आता करून घे माहीत. तूच जोडायची. मी बसतो बाजूला."

"मी? मला नाही जमणार, काका."

"पोर येणार आहे ना घरात? जमेल. पहिल्यांदा काय करायचं?"

त्यानं उघड्या पिनकडं बघितलं. "मेन बंद."

"जा. करून ये."

तो जिना उतरून गेला. ही जिथं पडली होती तिथं मी बसलो. नाईक शिंदे. सुमन. दोन्ही नावं मी एकदा मोठ्यानं घेतली. बायकोला नावानं हाक अशी ती पहिलीच. डोक्यावरचा पंखा मंद होत थांबला. मग मी कूलरवर हात ठेवला.