आत्याची मुलाखत आणि मुलाखतकाराचा खोकला

आत्याबद्दल इमारतीत एक बातमी पक्की होती: बाई महागर्विष्ठ. मालिकेत सुनेला छळता छळता तीच हवा डोक्यात गेली, म्हणून टीव्हीवर मुलाखतीला बोलावलं तरी नाक मुरडते.

खरं एवढंच होतं, की आत्या घाबरायची. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य हातात असलं की ती वाघीण; "तुमच्याबद्दल काहीतरी सांगा ना" म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. पण मालिका संपत आली होती, नवं काम दिसत नव्हतं. खाष्ट सासूच्या आत एक हसरी बाईही आहे, हे लोकांना दिसायला हवं होतं. म्हणून या वेळी ती मुलाखतीला हो म्हणून बसली, आणि फोन ठेवल्या ठेवल्या इस्त्री काढली.

इस्त्री ही तिची तालीम. कॉलरवर पहिलं वाक्य, बाहीवर दुसरं. कपडे संपले तेव्हा तिने फरशी पुसायची फडकीही कडक केली.

"अगं, फडक्याला घडी कशाला?" दादा, म्हणजे तिचा भाऊ, ओरडला.

"तू गप रे. पोपट, विचार पुढचा प्रश्न."

पोपट म्हणजे दादाची मुलगी. कुणाचाही आवाज काढायची. (हे लिहिणारी तीच.) त्या कार्यक्रमाचा मुलाखतकार प्रत्येक अवघड प्रश्नाआधी टाय चाचपून खोकायचा. पोपटने हनुवटी वर केली, नसलेला टाय चाचपला, खोकली आणि भारदस्त आवाजात म्हणाली, "बाई, खऱ्या आयुष्यात तुम्ही कशा आहात?"

आत्याने बाहीवरचं उत्तर धडाधड म्हटलं.

"पाठ केलेलं सोडून एक वाक्य बोललीस, तर मी आठवडाभर कुणाची नक्कल करणार नाही," पोपट म्हणाली. "लाव पैज!"

"लावली," आत्या म्हणाली खरी, पण इस्त्रीची वायर सॉकेटऐवजी फ्लॉवरपॉटमध्ये खुपसत होती.

कार्यक्रम थेट होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग मुलाखतकार पुढे झुकला. "बाई, खऱ्या आयुष्यात तुम्ही कशा आहात?"

आत्या थांबली. तोही थांबला. घरी पोपटने तोंडावर उशी घेतली.

"पुढे?" मुलाखतकाराने विचारलं.

"अहो, तुम्ही खोकलाच नाहीत," आत्या म्हणाली. "त्याशिवाय मला सुरुवात कशी करता येणार?"

समोरचे प्रेक्षक हसत सुटले. आत्या लाजली, मग स्वतःच खुदकन हसली. "घरी माझी भाची तुम्ही होते. अशी." तिने हनुवटी वर केली, टाय चाचपला आणि असा खोकला काढला, की खरा मुलाखतकार रुमालात तोंड खुपसून हसायला लागला. "आणि खरी मी? भित्री हो. इतकी इस्त्री केलीय, की आमची फडकी आता उभी राहतात."

बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी मुलाखतकारालाच तिला आवरावं लागलं.

सकाळी एका दिग्दर्शिकेचा फोन आला. विनोदी नाटक होतं, वाचायला येता का म्हणून. आत्या फोनवर हो म्हणत होती आणि दुसऱ्या हाताने इस्त्री शोधत होती.

पैज हरलेली पोपट चहाच्या कपासमोर बसली होती. अगदी साध्या, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आत्या, थोडी साखर देतेस?"

आत्याने चमकून इकडेतिकडे पाहिलं. "कोण बोललं गं? हा आवाज नवीनच दिसतोय घरात."