नावेतली जागा

नामांतराच्या दंगलीनंतरच्या पावसाळ्यात गोदावरी, आमची गंगा, अशी फुगली होती, की लाटांच्या तुषारांनी आभाळातल्या घारी भिजत होत्या. पलीकडं जायला एकच लहानशी नाव. नावाडी इतका वाळका, की वल्हं कोणतं अन् माणूस कोणता हे ओळखायला त्याच्या तोंडातली विझलेली विडी बघावी लागे.

आम्ही गावातली माणसं एका अंगाला खेटून बसलो होतो. दुसऱ्या अंगाला बौद्धवाड्यातला म्हातारा एकटाच. मधल्या धारेत नाव आमच्याकडं कलली अन् पाणी आत आलं. नावाड्यानं नावेचं तोंड लाटेकडं वळवून धरलं.

“मालक, तुमचं वजन लय हाय,” तो मला म्हणाला. “उभं राहू नका. बसल्या बसल्या त्या बाबाजवळ सरका.”

मी ऐकलंच नाही असं केलं. दुसरी लाट मांडीवर आली.

“बुडालाव तर खाली दोन मसणवटे न्हाईत,” तो विडी न काढता म्हणाला.

मी सरकलो. नाव सरळ झाली. पुढच्या लाटेला मी म्हाताऱ्याचा हात असा आवळला, की कालवडीनं दावं तोडलं असतं, पण तो हात सुटला नसता. काठ जवळ येताच आमच्या माणसांकडं एकदा बघून म्हाताऱ्यानंच तो हळूच सोडवून घेतला.

उतरताना नावाड्यानं विचारलं, “संध्याकाळी परत जाताना कुठं बसताव, मालक?”

त्या संध्याकाळी मी गंगाखेडच्या पुलावरून, एसटीनं, सगळा तालुका फिरून घरी आलो.