न सांगता आलेलं हसू

यांचा चेहरा वाकडा झाला आणि माझी प्रार्थनाही वाकडी झाली, हे आधीच सांगून टाकते. अर्धांगवायूच्या झटक्यातून माझे मालक वाचले म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनी प्रभूचे आभार मानले. मी मात्र मनात कुरकुरत होते. डावा हात लुळा पडला, ते सोसलं असतं. पण ज्या हसण्यावर मी इतकी वर्षं संसार केला, ते आता ओठाच्या एकाच टोकाशी अडायचं. दुसरं टोक खाली लोंबत राहायचं. ते हसू एकदा पुन्हा बघायला मिळावं, एवढंच माझं मागणं होतं.

मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. शिकवल्याशिवाय काही येत नाही, हा माझा बाणा. आमचं घर वाटूरला, रस्त्यालगत. रोज सकाळी यांना ओसरीत खुर्चीवर बसवायचं, समोर आरसा धरायचा आणि म्हणायचं, "हसा. अजून. डावीकडं ओढा." बिचारे घाम फुटेस्तोवर ओढायचे. ओठ काही हलायचा नाही. मग आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळायचो. 'तूच घडवलंस ना हे शरीर? मग एक ओठ उचलायला तुला इतकं जड का?' असं मी रागानं देवाला विचारायची.

एका सकाळी मोसंबीची पाटी घेतलेली एक अनोळखी बाई दारात पाणी मागायला आली. तिनं जरा वेळ आमचा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "आवं बाई, बाबाला हसाय सांगून राह्यल्या का दम देऊन राह्यल्या? जरा तुमचंच तोंड बघा की त्या आरशात!"

मी चिडून आरसा स्वतःकडं फिरवला. कपाळाला आठ्या, डोळे वटारलेले. आणि तेवढ्यात हे हसले. ओठांची दोन्ही टोकं बरोबर वर गेली. तेच हसू, जसंच्या तसं. मी घाईनं म्हटलं, "पुन्हा हसा!" ओठ पुन्हा लोंबला.

डॉक्टर म्हणाले, "असं होतं, बाई. ठरवून हसायची वाट मेंदूत वेगळी, आपसूक हसायची वेगळी. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते." घरी येताना मी तेच मनात घोळवत होते. म्हणजे घडवणाऱ्यानं या मातीच्या देहात एक वाट अशी ठेवली होती, जिच्यावर माणसाचा हुकूम चालत नाही. कृपासुद्धा त्याच वाटेनं येत असावी. मी आरसा कपाटात ठेवून दिला. त्यानंतर हे मोजकंच हसले. एकदा माझं दूध उतू गेलं तेव्हा, एकदा मी शेळीशी भांडत होते तेव्हा. मग दुसरा झटका आला आणि हे गेले.

कबरीपाशी बायका म्हणत होत्या, "रडा बाई, मोकळ्या व्हा." डोळे कोरडे ठाक. पुढं कित्येक दिवस रडू आलंच नाही. मी प्रयत्न करायची, येत नव्हतं.

मग एका सकाळी मोसंबीवाली पुन्हा दारात उभी. रिकाम्या खुर्चीकडं बघून तिनं विचारलं, "बाबा कुठं हायत? हसून राह्यले का न्हाई आता?"

सांगायला तोंड उघडलं आणि मी ढसाढसा रडले. ती पाटी उतरवून शेजारी बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडा" म्हणाली नाही, "रडू नका"ही म्हणाली नाही.

तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. प्रभूचे आभार मानते. आता मी प्रार्थनेत त्याला काही शिकवत नाही. सकाळी यांच्या खुर्चीत बसते. रडू आलं तर रडते. आणि यांची आठवण येऊन कधी हसू आलं, तर तेही येऊ देते.