सत्तावीस पायऱ्या

मी एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, मापात नसेल तर परत पाठवायचा. त्यामुळे कुठलीही संख्या दोनदा मोजल्याशिवाय लिहायची नाही, ही सवय घरापर्यंत आली होती. बायको म्हणायची, डब्यातल्या पोळ्यासुद्धा तुम्ही मोजून घेता. खरं होतं ते.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मेव्हण्याने परदेशातून एक जीपीएस यंत्र आणून दिलं आणि त्याबरोबर जिओकॅशिंगचा नाद लागला. खेळ साधा आहे. एकाने कुठेतरी डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवायचे, त्यांनी ती शोधून आतल्या वहीत सही करायची आणि डबी होती तशी ठेवून यायचं. आम्ही त्यातला कोड्याचा प्रकार खेळायचो. आकडे सरळ द्यायचे नाहीत. ते गावातल्या खुणा मोजून काढायचे.

नाशकात तेव्हा हे नियमित खेळणारे आम्ही तिघंच. मी, एक गणिताच्या शिक्षिका आणि भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले एक मोजणीदार. शिक्षिकांना आम्ही बाई म्हणायचो, मोजणीदारांना काका. बाई मला भाऊ म्हणत. काकांनी तीस-पस्तीस वर्षं जिल्ह्यातली शेतं साखळीने मोजली होती. ते पंचवटीत राहायचे, त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि माझी कोडी ते सायबर कॅफेतून छापून आणायचे. पहिली सही कोणाची, यावरून आमची चुरस. बाई झटपट उत्तर काढायच्या. काका उशिरा यायचे, पण त्यांचं उत्तर कधी चुकलं नाही. बाईंनी त्यांना एकदा विचारलं होतं, काका, तुम्ही लग्नाला होकार देण्याआधी मंडपही मोजला होता का. काका म्हणाले, नाही, आणि तो लहान निघाला.

आमच्यात एक नियम होता, आणि तो मीच घातलेला. कोडं दिलं की पहिली सही होईपर्यंत देणाऱ्याने फोन बंद ठेवायचा. त्याचं कारण असं की एका खेपेला बाई फोनवर सहज म्हणाल्या, मी त्र्यंबक रस्त्याने निघालेय, आणि माझ्या तोंडून गेलं, तिकडे कशाला. काका पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी मी मे महिन्यातच एक कोडं तयार करून ठेवलं होतं. तीन मोजण्या होत्या. गोदाघाटावरच्या एका लहान देवळापासून खाली नदीच्या फरशीपर्यंतच्या पायऱ्या, एका धर्मशाळेचे खांब आणि एका दीपमाळेचे पणत्या ठेवायचे हात. पायऱ्या सत्तावीस, खांब सोळा, हात अठ्ठेचाळीस. पायऱ्या मी तीनदा मोजल्या, दोनदा उतरताना आणि एकदा चढताना. या आकड्यांवरून म्हसरूळच्या बाजूला एका टेकडीच्या पायथ्याचे अक्षांश-रेखांश निघत होते. तिथे दगडी बांधाच्या फटीत स्टीलचा छोटा डबा ठेवला. कोणी उगाच भटकू नये म्हणून कोड्याखाली ताळाही दिला: तिन्ही संख्यांची बेरीज एक्क्याण्णव. मग कारखान्यात कामाची गर्दी झाली आणि कोडं तसंच राहिलं. ते मी पाठवलं ऑगस्टमधल्या एका शनिवारी.

रविवारी सकाळी फोन बंद करून बसलो होतो. बायको म्हणाली, आज फोन नाही तर मेथी निवडा. मी निवडत होतो. दहाच्या सुमारास शेजारचे गृहस्थ दारात आले. धरणातून पाणी सोडलंय, मुलांना घेऊन पूर बघायला निघालोय, येता का, असं विचारत होते. मी सवयीने विचारलं, कुठवर आलंय. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी तिच्या कुठवर आलं यावर आमच्याकडे पूर मोजतात. ते म्हणाले, गुडघ्याच्या वर गेलंय म्हणे.

मेथीची जुडी हातातच राहिली. पायऱ्या मी मे महिन्यात मोजल्या होत्या. तीनदा मोजल्या, पण तिन्ही वेळा कोरड्या. आता त्यातल्या निम्म्याहून जास्त पाण्याखाली असणार होत्या.

आकडा चुकला असता तर मला फार वाटलं नसतं. दहा-पंधरा पायऱ्या कमी धरल्या तर जागा वीस-तीस मीटर सरकते, माणूस बांधाऐवजी निवडुंगात जाऊन उभा राहतो, एवढंच. पण मला काका माहीत होते. मोजल्याशिवाय लिहायचं नाही, हे त्यांचं वाक्य होतं. पाण्याखाली पायऱ्या आहेत हे दिसल्यावर हा माणूस त्या पायाने चाचपून मोजायला उतरेल, याची मला खात्री होती. साठी ओलांडलेला माणूस, सोडलेलं पाणी आणि शेवाळलेला दगड.

फोन सुरू करून काकांच्या घरी लावला. काकूंनी उचलला. ते घरी आहेत का विचारलं.

"सकाळी आठलाच गेले. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून गेलेत. मी म्हटलं, हे काय ध्यान? तर म्हणे, मोजणी आहे."

काकूंना बरं म्हणून फोन ठेवला. बायकोला काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि स्कूटरची किल्ली दिली. सिडकोतल्या आमच्या घरापासून घाटापर्यंतचं अंतर मला पाठ होतं, सहा किलोमीटरला थोडं कमी. त्या दिवशी वाटेत किती सिग्नल लागले ते मला आजही सांगता येत नाही. एरवी ते मी मोजले असते.

पुलावर बघ्यांची गर्दी होती. स्कूटर तिथेच टाकून खाली गेलो. देवळापासून पायऱ्या दिसत होत्या अकरा. बाराव्या पायरीवर तपकिरी पाणी चढत-उतरत होतं. काका तिथे नव्हते. फुलं विकणाऱ्या एका बाईंना विचारलं, इथे लेंगा दुमडलेले म्हातारे गृहस्थ आले होते का. त्या म्हणाल्या, आले होते, काठीनं पाणी ढवळत होते, मी ओरडले त्यांच्यावर. मग कुठे गेले, असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभं होतं.

मी घाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेलो. हाक मारायची हिंमत होत नव्हती. हाकेला ओ आली नसती तर पुढे काय करायचं, हे माहीत नव्हतं.

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर चहाची एक टपरी होती, वर निळी ताडपत्री टाकलेली. तिच्याखाली काका बाकावर बसले होते. दुमडलेला लेंगा ओला, मांडीवर वर्तमानपत्राचा कागद, हातात पेन्सिल. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"काका, पाण्यात उतरलात?"

"तेरावीपर्यंत छत्रीने मोजल्या," ते म्हणाले. "चौदावीला छत्री गेली. हातातून अशी ओढून नेली. मग म्हटलं, बस. मी मोजणीदार आहे, पाणबुड्या नाही."

आणि मग त्यांनीच मला विचारलं, तुझा फोन बंद असायला हवा ना, तू इथे कसा. मी माझी चूक सांगितली. मे महिन्यात मोजल्या, पावसाळा डोक्यात आला नाही. माफी मागितली. त्यांनी चहावाल्याला आणखी एक चहा सांगितला आणि तो माझ्यापुढे सरकवला.

अर्ध्या तासाने बाई आल्या. स्कूटीची चाकं आणि त्यांच्या चपला चिखलाने भरलेल्या. काका घाटावर असणार म्हणून त्यांना चिडवायलाच आल्या होत्या, कारण पहिली सही झाली होती. पायऱ्या मोजायला त्या नदीवर आल्याच नव्हत्या.

"भाऊ, तीन प्रश्न घातलेत आणि दोनच सोडवावे लागले. खांब सोळा, हात अठ्ठेचाळीस, एक्क्याण्णवातून वजा केले. अहो, ताळा कोणी प्रश्नपत्रिकेवर छापतं का?"

मी इतक्या वर्षांत इतक्या आनंदाने कोणाचा टोमणा ऐकून घेतला नव्हता. माझी दुसरी चूकही तितकीच ढोबळ होती, आणि ती माझ्या लक्षातही आली नव्हती. पण ती होती म्हणून कोणालाच पाण्यात पाय घालायची गरज नव्हती. मी काकांना म्हटलं, तुम्हालाही ही वजाबाकी दिसली असती.

काकांनी मांडीवरचा कागद दाखवला. तिथे ती मांडलेली होती, खाली २७ आणि त्याभोवती गोल.

"छत्री गेल्यावर केली," ते म्हणाले. "पण हे तू म्हणतोस म्हणून सत्तावीस. मी मोजलेल्या तेरा."

बाईंनी डोक्याला हात लावला. काका त्या दिवशी टेकडीकडे गेले नाहीत. मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. काकूंनी ओला लेंगा पाहिला, छत्री कुठे विचारलं आणि काका म्हणाले, सरकारजमा झाली. पुढच्या आठवड्यात मी त्यांना नवी छत्री नेऊन दिली. ती त्यांनी उघडून पाहिली आणि काड्या मोजल्या.

नियम आम्ही बदलला. फोन चालू ठेवायचा, आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत नदीकाठी काही मोजायला लावायचं नाही. बाईंनी त्यात भर घातली, की ताळा छापायचा नाही. यावर मात्र मी हरकत घेतली, आणि या मुद्द्यावर काकांनी माझ्या बाजूने मत दिलं.

त्यानंतर काही महिने माझ्या मनात एक खटका होता. काका सुखरूप घरी गेले होते, पण तू म्हणतोस म्हणून सत्तावीस, हे त्यांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. एखादी पायरी मी चुकवली असेल का? तीनदा मोजली म्हणजे बरोबर मोजली असं नाही. एकच चूक तीनदा करणारी माणसं मी कारखान्यात पाहिली होती. तसं असेल तर ताळाही चुकीचा, आणि बाईंची सही म्हणजे चुकीला मिळालेली चूक. पाणी उतरल्यावर जाऊन मोजावं असं रोज म्हणायचो आणि गेलो नाही. खरं तर धजावलो नाही.

जानेवारीत डब्यातली वही बदलायला टेकडीवर गेलो. बांधाच्या फटीतून डबा काढला, पुसला, उघडला. पहिल्या पानावर बाईंची सही होती, मोठी, शेवटी ओढलेल्या फराट्यासह. तिच्याखाली दिवाळीनंतरची तारीख आणि मोजणी नकाशावर लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरांत दोन ओळी:

"पायऱ्या २७. प्रत्यक्ष मोजल्या. शेवटच्या चारांवर गाळ होता, तो काढून पाहिला."

मी त्याच बांधावर बसलो. सोबत जेवणाच्या डब्यात घरून आणलेल्या पोळ्या होत्या. त्या दिवशी मोजल्या नाहीत.